बायजाक्काला कुणी उठवायचं

“उठवा त्यांना,” धनवडे सर म्हणाले.

“नाही उठवणार,” मी म्हणाले.

हे मी हळू म्हणाले असते, तर कदाचित पुढचं सगळं खोलीतल्या खोलीत मिटलं असतं. पण मी विट्याच्या कोष्ट्यांची मुलगी. आमच्या घरात पुढच्या सोप्यात यंत्रमाग आणि मागच्या सोप्यात आम्ही. मागांच्या खडखडाटात ऐकू जावं म्हणून आमच्याकडे सगळेच टिपेला बोलतात. लग्नातल्या मंगलाष्टकासुद्धा भांडण लागल्यासारख्या म्हणतात. त्यामुळे माझं ‘नाही उठवणार’ खोलीत घुमलं, बाहेरच्या पॅसेजमध्ये गेलं आणि बहुधा खाली अंगणातल्या मांडवापर्यंत पोचलं. मांडवात कुणीतरी माईक तपासत होतं, ते क्षणभर थांबल्यासारखं मला वाटलं.

पलंगावर बायजाक्का बसली होती. हिरवं इरकली लुगडं, नाकात नथ, डोक्यावरून पदर. दोन दिवसांपूर्वी तिचा उजवा गुडघा बदलला होता. शेजारी तिचा वॉकर उभा होता आणि त्याला आमचे वॉर्डबॉय यल्लप्पामामा यांनी झेंडूची माळ गुंडाळली होती. त्या दिवशी हॉस्पिटलचा वर्धापनदिन होता. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी बायजाक्का चालत स्टेजवर जाणार, असं सरांनी ठरवलं होतं. पाहुण्यांना तसं सांगूनही झालं होतं.

मी तेव्हा फिजिओथेरपीची पदवी घेऊन नुकतीच तिथे लागले होते. द्राक्षांच्या पट्ट्यातलं तालुक्याचं गाव, ट्रस्टचं हॉस्पिटल, आणि हाडांचे डॉक्टर म्हणजे धनवडे सर. सरांच्या हाताला गुण होता, हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन. पण नवा गुडघा बसला म्हणजे माणूस चालायला लागला, असं नसतं. तिथून पुढे आमचं काम सुरू व्हायचं, आणि आमचं म्हणजे नेमकं कुणाचं, याचा आमच्याकडे नुसता गोंधळ होता. मी व्हीलचेअर ढकलायची, माझा सहायक फिरोज मनानेच व्यायाम सांगायचा, आणि केसपेपर काढणारी मुलगीसुद्धा जाता-येता सल्ले द्यायची. एकदा यल्लप्पामामांनी एका आजोबांचा मोडलेला खांदा मायेपोटी तेल लावून चोळला. आजोबा खूश झाले, खांदा मात्र नाराज झाला.

तेव्हा सरांनी आम्हाला सगळ्यांना उभं केलं होतं. “हे काय लग्नघर आहे? दिसेल त्यानं वाढायला घ्यायचं?” असं म्हणून त्यांनी कामं वाटून दिली. पेशंटला तपासून काय करायचं आणि कधी उभं करायचं, हे शुभदा ठरवणार. ती सांगेल तेवढेच व्यायाम फिरोज करून घेणार. मामा पेशंटला आणणार, नेणार आणि सांगितलं तरच धरणार. “दुसऱ्याच्या कामात हात घालताना कुणी दिसलं, तर त्याच दिवशी घरी,” असं सर म्हणाले.

शुभदा म्हणजे मी. मला ते फार आवडलं होतं. पदवी मिळाल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी माझं काम काय आहे ते चारचौघांत सांगितलं होतं. विट्यात तर मी मालिशचा कोर्स केला, असंच अजून समजतात.

बायजाक्का ऑपरेशनसाठी दाखल झाली, तेव्हा तिनं आल्या आल्या आमची हजेरी घेतली होती. ती बेदाण्याच्या शेडवरची मुकादम. बायका निवडायला बसतात, त्यांच्यावर हिची नजर. पलंगावर बसूनही ती शेडवर असल्यासारखीच बोलायची.

“तू कोण रं?” तिनं फिरोजला विचारलं.

“मी सहायक, अक्का. मॅडम सांगतील ते व्यायाम तुमच्याकडून करून घेणार.”

“आन् ही मॅडम काय करणार?”

“मी तुमचा पाय तपासणार,” मी म्हणाले. “किती वाकतोय, किती जोर आहे ते बघणार. कधी उभं राहायचं, किती चालायचं, ते ठरवणार.”

“मग त्यो मोठा डाक्टर कशाला हाय?”

“ते ऑपरेशन करणार.”

“कापायचं त्यानं आन् चालवायचं तू?”

“हो.”

“आन् ह्ये?” तिनं मामांकडे बोट केलं.

“मी खुर्ची ढकलतो, अक्का,” मामा म्हणाले. “आन् पडाय लागलीस तर धरतो.”

बायजाक्काचं समाधान झालं. “हां. मग बरं हाय. बिनकामाचं मानूस आमच्या शेडवर दिसलं की मी हाकलून लावतीया.” आणि मग तिनं आम्हाला शेडचा कारभार ऐकवला. बेदाणा धुऊन, निवडून शेवटी एका टेबलावर येतो. तिथे एक बाई बसलेली असते. तिनं ‘माल थांबवा’ म्हटलं की पोतं शिवायचं नाही. ट्रक लागलेला असला तरी नाही, मालक समोर उभा असला तरी नाही.

“आणि तिनं उगाच थांबवला तर?” मी सहज विचारलं.

“तर थांबला. परत निवडायचा.” हे सांगताना तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

वर्धापनदिनाच्या सकाळी मी तिला तपासायला गेले, तेव्हा ती नटूनथटून तयारच होती. “लुगडं जरा वर घ्या, अक्का,” मी म्हणाले.

“आत्ता नेसलीया. बसल्या जागी नेसवताना सुनंचा घाम निघालाय. न्हाई घेणार.”

“पाय बघितल्याशिवाय मी उठवत नाही, तुम्हाला माहीत आहे.”

कुरकुर करत तिनं काठ वर ओढला. उजवी पोटरी फुगून तकतकीत झाली होती. हात लावला तर गरम. जरा दाबली, तर बायजाक्काच्या नथीचा मोती थरथरला, पण तिनं तोंडातून आवाज काढला नाही.

“दुखतंय?”

“न्हाई.”

“अक्का.”

“रातच्याला पेटका आल्ता. त्यात काय येवढं?”

“मग सकाळी कुणाला सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर तू आज चालू दिलं असतंस?”

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर कधी कधी पोटरीतल्या शिरेत रक्ताची गुठळी धरते. माणूस उठला, चालला, की ती सुटू शकते. सुटली तर फुप्फुसात जाऊन अडकते, आणि बोलता बोलता माणूस जातो. कॉलेजात हे शिकताना सगळ्यांनाच भीती वाटते. पण नथ घातलेली बाई समोर बसलेली असताना वाटते ती भीती वेगळी असते. मी दोन्ही पोटऱ्यांना टेप लावून बघितला. फरक डोळ्यांना दिसत होता, तसाच टेपवरही निघाला.

“आज उभं राहायचं नाही,” मी म्हणाले. “आधी मिरजेला जाऊन शिरांची तपासणी करायची. तिथे मशीन आहे. मग बघू.”

“गप ए. पाय चांगला हाय माझा.”

“नसला तर जिवावर बेतेल, अक्का.”

“आन् न्हाई चालले तर काय बेतंल, ठावं हाय का तुला?” तिचा आवाज चढला. माझ्या घरात शोभला असता इतका चढला. “शेडचा मालक येणार हाय खाली. गुडघं धरून बसल्यापास्नं त्यो मुकादमी त्या कुसुमला द्याय बसलाय. अक्का आता थकली, म्हनतोय. उभी हयात गेली माझी त्या शेडवर. आज त्याच्या म्होरं चालले न्हाई, तर संपलं माझं. मग बसायचं सुनंच्या दारात, नातवंडं राखत.”

मला तिचं सगळं पटत होतं, हीच पंचाईत होती. नोकरी गेली तर मलाही विट्याला परतच जायचं होतं, आणि परत जाणं म्हणजे पोह्यांची ताटली हातात घेऊन पाहुण्यांपुढे बसणं. घरातलं कुणीतरी ‘आता थकली’ किंवा ‘आता पुरे’ म्हणतं आणि बाईचं काम संपतं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरीही मी फिरोजला सरांना बोलवायला पाठवलं.

सर आले ते नव्या कोटात, छातीवर रेशमी फुलाचा बिल्ला लावून. त्यांनी पोटरी दाबून बघितली. पण त्यांचं अर्धं लक्ष खिडकीतून दिसणाऱ्या मांडवाकडे होतं.

“ऑपरेशननंतर सूज येतेच,” ते म्हणाले. “आणि रक्त पातळ राहायचं इंजेक्शन चालू आहे.”

“इंजेक्शन चालू असतानाही गुठळी होते, सर.”

“तू मला शिकवणार?”

“नाही, सर. आधी तपासणी करून घेऊ, एवढंच म्हणतेय.”

“कार्यक्रम झाल्यावर करू.”

“पण चालायचं तर कार्यक्रमातच आहे ना?”

सरांनी चष्मा काढून पुसला. “शुभदा, निदान करणं तुझं काम आहे का?”

“नाही, सर.”

“मग?”

“उभं करणं माझं काम आहे.”

तेव्हा ते म्हणाले, “उठवा त्यांना.” आणि मी काय म्हणाले ते सगळ्या मजल्यानं ऐकलं.

सरांनी माझ्याकडे पाठ केली. “फिरोज, तू घे.”

फिरोज इतका भित्रा की सरांची गाडी गेटात शिरली की अर्धा चहा टाकून द्यायचा. तो फरशीकडे बघत राहिला. मला वाटलं, संपलं. पण तो म्हणाला, “सर, मॅडम सांगतील तेवढंच करायचं, असं तुम्हीच म्हणाला होतात.”

“आता मी सांगतोय.”

“मग सर, मी मॅडमच्या कामात हात घातला असं होईल. त्याच दिवशी घरी, असंही म्हणाला होतात.”

“मामा!”

यल्लप्पामामा दारात टोपी हातात धरून उभे होते. “सायेब, मी ढकलतो. धरतो बी. पर ‘धर’ म्हनायचं काम ह्यांचं.”

सरांचे कान लाल झाले. आमच्यापैकी कुणाच्याही बोलण्यात उर्मटपणा नव्हता. त्यांचाच नियम आम्ही त्यांना धुऊन, घडी घालून परत देत होतो. मला भीती वाटत होती, आणि खोटं कशाला सांगू, त्या भीतीखाली मजाही वाटत होती.

“ठीक आहे,” सर म्हणाले. “मी उठवतो. तो वॉकर इकडे दे.”

मी वॉकर उचलून छातीशी धरला आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिले. झेंडूच्या पाकळ्या फरशीवर पडल्या. सर माझ्याशी झोंबाझोंबी करणार नव्हते, तेवढी त्यांची रीत होती. ते वॉकर न घेताच पलंगाकडे गेले आणि बायजाक्कावर वाकले. एक हात तिच्या काखेकडे नेला. मग तो काढून कमरेकडे नेला. मग दुसरा हात तिच्या गुडघ्याकडे नेला आणि तिथेच थांबले. इतके गुडघे बसवलेल्या त्या माणसानं पलंगावरून एकही पेशंट कधी उठवला नव्हता. त्यांच्या हातांना ते काम कधी पडलंच नव्हतं.

बायजाक्का त्यांच्या हातांकडे बघत होती. माणसांचे हात बघण्यातच तिचं आयुष्य गेलेलं.

“सायेब,” ती म्हणाली, “ह्याच्या आदी कवा कुनाला उठवलंय का तुमी?”

सरांनी हात मागे घेतले.

“मग नगं.” तिनं मान फिरवून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत माया अजिबात नव्हती. “आन् तू. तुजं खोटं निगालं तर तुजी धडगत न्हाई, सांगून ठिवते.”

सर सरळ उभे राहिले, बिल्ला नीट केला. “न्या मिरजेला. पण तपासणीत काही निघालं नाही, तर उद्या सकाळी सगळ्या स्टाफसमोर माफी मागायची. माझी आणि पेशंटची.”

“आणि निघालं तर?” मी विचारलं.

सर तोवर दाराबाहेर गेले होते.

मामा आणि फिरोजनं बायजाक्काला स्ट्रेचरवर निजवून खाली आणलं. ॲम्ब्युलन्सकडे जायचा रस्ता नेमका मांडवाच्या कडेनं होता. सनई लावली होती. गेटात एक पांढरी गाडी येऊन थांबली आणि तिच्यातून एक जाडसर गृहस्थ उतरले. बायजाक्कानं त्यांना ओळखलं. ते तिचे मालक, मगदूम. त्यांनी स्ट्रेचरकडे बघितलं. नथ घालून आडवी पडलेली आपली मुकादम त्यांना दिसली. त्यांनी मान हलवली आणि बायजाक्कानं नमस्कार करायच्या आत ॲम्ब्युलन्सचं दार लागलं.

“पडदा वढ,” बायजाक्का मला म्हणाली. मी ओढला. तशीच मिरज आली.

तपासणी करणाऱ्या डॉक्टरबाईंनी पोटरीवरून, मांडीवरून मशीन फिरवलं. पुन्हा फिरवलं. मी पडद्यावरच्या काळ्या-करड्या रेघांकडे बघत होते, जणू मला त्यातलं कळत होतं.

“शिरा अगदी स्वच्छ आहेत,” बाई म्हणाल्या. “गुडघ्यातलं रक्त खाली झिरपलंय, त्याची सूज आहे. उतरेल.”

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या मागोमाग उद्याची माफी आठवली. एक क्षण तर असंही वाटलं, की बारीकशी तरी गुठळी निघायला हवी होती. मग स्वतःचीच लाज वाटली आणि त्या लाजेचाही राग आला.

“म्हंजी काय न्हवतंच?” बायजाक्कानं विचारलं.

“नव्हतं, अक्का.”

“मग चालले असते, तर काय झालं असतं?”

“काही झालं नसतं.”

तिनं नथ काढली, पदराच्या टोकात बांधली आणि परतताना ॲम्ब्युलन्सच्या पत्र्याकडे तोंड करून पडून राहिली.

संध्याकाळी वडिलांना, म्हणजे अप्पांना, फोन केला. मागे माग धडधडत होते. सगळं ऐकून अप्पा म्हणाले, “शब्दच आहे बाळ, बोलून टाक. माफी मागितली म्हणून माणूस लहान होत नाही.” हे सांगताना त्यांनी आवाज खाली आणला होता. आमच्या घरात कुणी आवाज खाली आणलेला मी पहिल्यांदाच ऐकला, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या विभागात सगळे जमले. नर्सेस, केसपेपरवाली मुलगी, फिरोज आणि सर. फक्त मामा नव्हते, ते बायजाक्काला आणायला गेले होते. कोपऱ्यात तो वॉकर उभा होता. माळेतली फुलं सुकून तपकिरी झाली होती, तरी ती कुणी काढली नव्हती.

“बोल,” सर म्हणाले.

“सर, बायजाक्कांना काल कार्यक्रमात जाता आलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. ते मी त्यांना सांगेन. पण माफी मागणार नाही.”

“तपासणीत काय निघालं?”

“काही नाही.”

“म्हणजे तुझं चुकलं.”

“गुठळी आहे की नाही, हे सांगायचं काम माझं नव्हतंच, सर. ते तुमचं आणि त्या मशीनचं. शंका असेल तर पेशंटला उभं करायचं नाही, हे माझं. ते मी केलं.”

“आणि उद्या पुन्हा अशीच पोटरी दिसली तर?”

“उद्याही उठवणार नाही. परवा दिसली तर परवाही नाही.”

कुणीतरी ‘अगं’ म्हणालं. “मग उद्यापासून येऊ नकोस,” सर म्हणाले.

माझा आवाज कापला नाही, तो घरचाच होता. “नाही येणार. पण आज आलेय ना? आज बायजाक्कांना उठवायचंय.”

“आगं मग उठीव की!” दारातून आवाज आला. “कवाधरनं बसलीया मी हितं.”

मामांनी व्हीलचेअर आत आणली. तेच हिरवं लुगडं, नाकात पुन्हा नथ. आणि खुर्चीच्या मागे हातात मोटारीची किल्ली फिरवत, कुठे उभं राहावं ते न कळून, मगदूम मालक.

“सायेब, तुमचं भांडान मागनं करा,” बायजाक्का सरांना म्हणाली. “मालकाला टाईम न्हाई. मुलाकडनं निरोप धाडून बलवून घेतलाय.”

मी तिच्यापुढे खाली बसले. “लुगडं वर घ्या.”

सगळ्यांदेखत, एक शब्द न बोलता, तिनं काठ वर घेतला. सूज उतरायला लागली होती. पोटरी मऊ होती, गरम नव्हती. मी मुद्दाम सावकाश बघितली. दोन्ही पाय बघितले. मग मान वर केली.

“उठायचं?” तिनं विचारलं.

“उठायचं. फिरोज, वॉकर पुढे. मामा, कमरेला धरा.” मी माझा हात तिच्या नव्या गुडघ्यावर ठेवला. “अक्का, चांगला पाय मागं घ्या. पुढं वाका. खुर्चीचे हात दाबा आणि उठा.”

ती उठली. मामांचा हात कमरेवर होता, फिरोजनं वॉकर धरला होता, माझा तळवा गुडघ्यावर. गुडघा एकदा थरथरला आणि टिकला. सरही पुढे झाले आणि तिच्या खांद्याला हात द्यायला लागले. त्यांनी स्वतः बसवलेला गुडघा होता तो, त्यांना राहवलं नसणार.

“सायेब,” बायजाक्का म्हणाली, “तुमी तुमचं काम बेस केलंय. आता वाईच बाजूला व्हा.”

सर बाजूला झाले.

ती पॅसेजमधून चालत गेली. वॉकर पुढे, दुखरा पाय, मग चांगला पाय. सुकलेली झेंडूची फुलं गळत होती. मगदूम मालक मागे सरकत सरकत खिडकीपर्यंत गेले, आणि ती बरोबर त्यांच्यापुढे जाऊन थांबली. घामानं कपाळावरचं कुंकू ओघळलं होतं.

“अक्का, मानलं तुला,” ते म्हणाले. “पण मी कुसुमला शब्द देऊन बसलोय...”

“ते ऱ्हावू द्या. मला येक सांगा. आपल्या शेवटच्या टेबलावरची बाई माल थांबवती, तवा मी तिला काय बोलती?”

“काही नाही बोलत.”

“आन् तिनं उगा थांबवला, तर?”

“तर परत निवडून घेतेस.”

“तिला घरी धाडलंय का कवा?”

“नाही.”

“का न्हाई?”

मालक घोटाळले. “उद्या खरंच खडा असला तर ती गप्प बसेल म्हणून.”

“हां.” हे ऐकताना बायजाक्का मालकांकडे बघतच नव्हती. मान वळवून ती पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला, सरांकडे बघत होती. सरांच्या हातात चष्मा होता आणि ते तो पुसत होते. मग ती पुन्हा मालकांकडे वळली. “आन् असल्या बाया निवडून त्या टेबलावर बसवल्यात कुनी?”

“तूच.”

“मग कुसुमला सांगा, जागा गरम ठिव. येतीया मी.”

मी तिला मागे फिरवून खुर्चीत बसवलं. बसल्यावर तिनं माझा हात गुडघ्यावरून बाजूला केला आणि म्हणाली, “काल बी चालले असते मी.”

“हो, अक्का. चालला असतात.”

“मग ध्येनात ठिव.”

ती खरंच शेडवर परत गेली, आणि पुढे बरीच वर्षं कुसुम तिच्या हाताखालीच राहिली. दर दिवाळीला माझ्याकडे बेदाण्याची पिशवी येते. बरोबर निरोप असतो, दर वेळी तोच, की त्या दिवशी मी चालले असते. मी बेदाणे खाते आणि निरोपाला हो म्हणते.

बायजाक्का चालली त्याच्या दुसऱ्या दिवशी, ‘नाही येणार’ म्हणून झालं होतं तरी, मी कामावर गेले. येऊ नकोस असं सर पुन्हा म्हणाले असते, तर परतले असते. ते म्हणाले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. आठवडाभर आमच्यात केसपेपरांखेरीज काही बोलणं झालं नाही. माफीचा विषय त्यांनी काढला नाही आणि मी ती आजतागायत मागितलेली नाही.

मग एका सकाळी मी एका पेशंटचा खांदा हलवत होते, तेव्हा सर विभागाच्या दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. एरवी ते पॅसेजमधूनच हुकूम सोडून पुढे जायचे. फिरोजनं चहाचा पेला खाली ठेवला.

“शुभदा,” सर म्हणाले, “पाच नंबरच्या आजींचं परवा ऑपरेशन झालंय. आज उठवायचं का त्यांना?”

“बघून सांगते, सर,” मी म्हणाले. मोठ्यानंच.